बदकाचें यकृत आणि घरचें तेल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. बदकाच्या यकृताचा आणि आपल्या स्वयंपाकघरांतील तेलाच्या डब्याचा संबंध तो काय? सांगली-माधवनगराकडे बदक हा कांहीं नित्याच्या जेवणांतला पदार्थ नव्हे. आणि फ्रान्स देशांत ज्याला ‘फ्वा ग्रा’, म्हणजे लठ्ठ यकृत, म्हणतात तो पदार्थ आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलाहि नसेल. तरीपण हा विषय मीं मुद्दाम निवडला आहे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द अलीकडे घरोघर येऊं लागले आहेत, आणि ते वाचतांच मंडळी पहिला संशय घेतात तो तेलावर. शेंगदाण्याचें तेल बंद करा, सूर्यफुलाचें आणा. तेंहि नको, करडईचें आणा. छे, फोडणीच बंद करा, अशी चर्चा सुरू होते. चहांतील साखर, दुपारचीं बिस्किटें आणि रात्रीं पुन्हां वाढून घेतलेला भात यांच्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाहीं. हा न्याय बरोबर आहे कीं नाहीं हें ठरविण्यास बदकासारखा साक्षीदार दुसरा नाहीं. जी गोष्ट माणसाच्या यकृतांत वर्षानुवर्षें चोरपावलांनीं घडते, तीच बदकाच्या यकृतांत मनुष्य बारा-चौदा दिवसांत मुद्दाम घडवून आणतो.

ही विद्या फार जुनी आहे. ईजिप्त देशांत सक्कारा येथें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचीं थडगीं आहेत. त्यांच्या भिंतींवर सेवक लोक हंसाच्या जातीच्या पक्ष्यांना बळेंच खाऊं घालीत आहेत अशीं चित्रें कोरलेलीं आहेत. पुढें रोमन लोकांनीं या पक्ष्यांस अंजिरें चारण्याची पद्धत पाडली. लॅटिन भाषेंत अंजिरास ‘फीकुस’ म्हणतात. अंजिरांनीं फुगविलेल्या यकृतास ते ‘फीकातुम’ म्हणूं लागले. आणि तो शब्द इतका रूढ झाला कीं, यकृताचें मूळचें नांव मागें पडलें. इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘ईगादो’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ हे यकृतवाचक शब्द त्या अंजिरापासूनच निघालेले आहेत. भाषेच्या पोटांत कधीं कधीं शास्त्र दडलेलें असतें, तें असें. पुरंदर तालुक्यांतील अंजिरें आपण आवडीनें खातों. त्यांतून कोणी तेल काढल्याचें ऐकिवांत नाहीं. अंजिरांत असते ती साखर. म्हणजे रोमन लोक पक्ष्याला साखर चारीत होते, आणि त्याच्या यकृतांत चरबी सांठत होती.

आतां आजची रीत पाहूं. या कामासाठीं बहुधा संकरित बदकें वापरतात. त्यांचा नर ‘मस्कोव्ही’ जातीचा आणि मादी ‘पेकिन’ जातीची असते. होणारी संतति वांझ निघते, म्हणून तिला ‘खेचर बदक’ असें म्हणतात. बदक सुमारें तीन महिन्यांचें झालें कीं, त्याच्या घशांत नळी घालून दिवसांतून दोन वेळां उकडलेला किंवा भरडून कालविलेला मका कोंबतात. हें बारा-चौदा दिवस चालतें. तेवढ्या अवधींत एका बदकाच्या पोटांत सुमारें १० किलो मका जातो. आरंभीं शंभर ग्रॅमच्या आंत असणारें यकृत शेवटीं ५०० ते ६०० ग्रॅम भरतें, त्याचा तांबूस रंग जाऊन तें पिवळट दिसूं लागतें, आणि त्यांतील निम्मा किंवा त्याहूनहि अधिक भाग निव्वळ चरबीचा असतो.

ही चरबी आली कोठून? येथें शाळेंतील त्रैराशिकाइतकाच हिशेब पुरे आहे. मक्याच्या दाण्यांत तेल असतें तें शेंकडा चार-पांच; पिष्ट मात्र शेंकडा सत्तरच्या आसपास. १० किलो मक्यांत ४०० ते ५०० ग्रॅम तेल झालें. बदकाच्या यकृतांतील चरबीच सुमारें ३०० ग्रॅम; शिवाय त्याच्या कातडीखालीं आणि पोटांत सांठलेली चरबी निराळी. या दिवसांत त्याचें वजन दीड-दोन किलोंनीं वाढतें, आणि त्या वाढीचा मोठा हिस्सा चरबीचाच असतो. मक्यांतील तेलाचा थेंब न् थेंब सांठला असें मानलें तरी हा हिशेब जुळत नाहीं. उरलेली चरबी पिष्टापासून तयार झाली, असेंच म्हणणें भाग आहे.

याला दुसरा पुरावाहि आहे, आणि तो अधिक पक्का आहे. निरनिराळ्या तेलांत निरनिराळीं स्निग्धाम्लें असतात. त्यांपैकीं लिनोलेइक नांवाचें आम्ल प्राण्याच्या शरीराला बनवितां येत नाहीं. तें अन्नांतूनच यावें लागतें. अमेरिकेंतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानें १९२९-३० सालीं उंदरांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. म्हणून लिनोलेइक आम्ल ही ‘बाहेरून आलेल्या’ चरबीची खूण समजावी. मक्याच्या तेलांत निम्म्याहून अधिक भाग याच आम्लाचा असतो. मग मका खाऊन लठ्ठ झालेल्या यकृतांतहि तें भरपूर सांपडावयास हवें कीं नाहीं? प्रत्यक्षांत तें अगदीं थोडें सांपडतें. तेथें मुख्यतः असतात ओलेइक आणि पामिटिक हीं आम्लें, म्हणजे नेमकीं तींच, जीं यकृत स्वतः पिष्टापासून आणि साखरेपासून बनवूं शकतें. चोरीच्या मालावर ज्या कारखान्याचा शिक्का, तो कारखाना चोर, एवढें सरळ हें प्रकरण आहे. पक्ष्यांच्या शरीरांत चरबी बनविण्याचें काम बहुतांशीं यकृतांतच चालतें; त्यामुळें हा परिणाम त्यांच्यांत इतका लवकर आणि इतका ठळक दिसतो.

यकृतानें चरबी बनविली तरी ती तेथेंच कां राहावी? याचें उत्तर सांगलीच्या हळदीच्या पेठेंत मिळेल. पेठेंत माल येतो, त्याची प्रतवारी होते, तो पोत्यांत भरला जातो आणि बाहेरगांवीं रवाना होतो. आडत्याचें दुकान म्हणजे हरिपुराकडील हळदीचें पेव नव्हे. तेथें माल वर्षभर ठेवावयाचा नसतो. यकृत हें असेंच आडतीचें दुकान आहे. तेथें बनलेली चरबी प्रथिनांच्या आणि कोलीनयुक्त स्निग्ध पदार्थाच्या वेष्टनांत बांधली जाऊन रक्तावाटे शरीरभर जाते. आवक दसपट झाली आणि पोतीं तेवढींच राहिलीं, तर दुकानाच्या ओट्यापासून माळ्यापर्यंत माल तुंबणारच. कोलीन हें या पोत्यांचें सूत. इन्शुलिनच्या शोधांत भागीदार असलेले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३२ सालीं टोरोंटो येथें दाखविलें कीं, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांच्या यकृतांत चरबी सांठते, आणि अन्नांतून कोलीन दिलें असतां ती सांठण्यास आळा बसतो. मक्यांत कोलीन बेताचेंच असतें. म्हणजे एका बाजूनें मालाची प्रचंड आवक आणि दुसऱ्या बाजूनें पोत्यांची टंचाई, अशी बदकाची दुहेरी कोंडी होते.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, “मग तेल निर्दोष ठरलें!” तसा निकाल देण्याची घाई करूं नये. तेलाचा परिणाम दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली ही कीं, तेल ‘भर’ म्हणून येतें कीं ‘बदली’ म्हणून. आणि दुसरी ही कीं, तें कोणत्या जातीचें आहे.

पहिली गोष्ट आधीं घेऊं. एक ग्रॅम पिष्टापासून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. पोटभर मका खाल्लेल्या प्राण्यास वर तेल दिलें, तर ती भर झाली. तिचा सांठा कोठें ना कोठें होणारच. परंतु एकंदर उष्मांक तेवढेच ठेवून कांहीं मका काढला आणि त्या जागीं तेल घातलें, तर ती बदली झाली. अशा वेळीं पिष्टाची आवक कमी होते, आणि तेलांतील स्निग्धाम्लें यकृतांतील चरबीच्या कारखान्याला ‘आतां पुरे’ अशी सूचनाहि देतात. याचें उदाहरण आपल्याकडील कोंबड्यांत सांपडतें. पिंजऱ्यांत ठेवलेल्या, अंडीं देणाऱ्या कोंबडीस हालचाल नसते आणि पुढ्यांत मक्याचें खाद्य सदैव असतें. अशा कोंबड्यांत एक रोग आढळतो: कोंबडी वरकरणीं धष्टपुष्ट दिसते आणि अकस्मात् मरते, उघडून पाहावें तर यकृत पिवळें, ठिसूळ आणि रक्तस्राव झालेलें. तिच्या खाद्यांतील पिष्टाचा कांहीं भाग काढून तेवढ्याच उष्मांकांचें तेल घातलें असतां यकृतांतील चरबी कमी होते, असा अनुभव आहे. तेल घातल्यानें यकृताची चरबी कमी व्हावी, हें प्रथम ऐकतांना उलटें वाटतें. परंतु भर आणि बदली यांतील भेद ध्यानांत घेतला म्हणजे त्यांत नवल उरत नाहीं.

दुसरी गोष्ट तेलाच्या जातीची. थंडींत गोठणारीं खोबरेल, तूप, पामतेल यांसारखीं स्निग्धें तीं संपृक्त आम्लांनीं भरलेलीं; न गोठणारीं करडई, सूर्यफूल, जवस यांचीं तेलें तीं असंपृक्त आम्लांचीं, असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. खोबरेलांत संपृक्त भाग शेंकडा ९० च्या आसपास, साजूक तुपांत निम्म्याहून अधिक आणि पामतेलांत जवळजवळ निम्मा असतो. शेंगदाण्याच्या तेलांत तो सुमारें पांचवा हिस्सा, तर करडईच्या तेलांत त्याहूनहि कमी. करडईच्या नेहमींच्या वाणांत लिनोलेइक आम्लच सुमारें तीन चतुर्थांश असतें. सातारा जिल्ह्यांत फलटण येथें निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. तेथें या पिकावर अनेक वर्षें काम झालेलें आहे. लिनोलेइकासारखीं असंपृक्त आम्लें यकृतांतील चरबी बनविण्याच्या क्रियेला आवर घालतात, आणि संपृक्त आम्लें तसा आवर घालीत नाहींत, हें या भेदांतील मर्म आहे.

हें सारें पशुपक्ष्यांचें झालें, माणसाचें काय? सुदैवानें माणसांवरहि प्रयोग झालेले आहेत. स्वीडनमधील उप्साला येथें ३९ सडपातळ तरुण-तरुणींस सात आठवडे नेहमींच्या जेवणाव्यतिरिक्त गोड केक खावयास दिले. निम्म्यांच्या केकांत पामतेल होतें, निम्म्यांच्या केकांत सूर्यफुलाचें. दोन्ही गटांचें वजन सारखेंच, सुमारें १·६ किलो, वाढलें. परंतु यकृतांतील चरबी पामतेलाच्या गटांत कितीतरी अधिक वाढली. हे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील हेलसिंकी येथील प्रयोग २०१८ सालचा. तेथें ३८ स्थूल व्यक्तींस तीन आठवडे रोज १००० उष्मांक जादा देण्यांत आले: एका गटास खोबरेल, लोणी, चीज यांतून, दुसऱ्यास ऑलिव्ह तेल व कठीण कवचाचीं फळें यांतून, तिसऱ्यास फळांचे रस, गोड पेयें आणि गोळ्या यांतून. यकृतांतील चरबी पहिल्या गटांत शेंकडा ५५, तिसऱ्यांत शेंकडा ३३ आणि दुसऱ्यांत शेंकडा १५ या प्रमाणांत वाढली.

या आंकड्यांतून दोन धडे निघतात. जादा अन्न सारखेंच असलें तरी तें कोणत्या रूपानें आलें यावर यकृताचें नुकसान कमी-अधिक होतें, हा पहिला. दुसरा धडा असा कीं, तिन्ही गटांत चरबी वाढलीच. ‘हृदयास हितकारक’ म्हणून ज्या तेलाची जाहिरात होते, तेंहि जेवणावर भर म्हणून घेतलें तर फुकट जात नाहीं. तें अंगीं लागतें. शिवाय साखरेच्या गटानें तेलाचा एक थेंबहि जादा न घेतां शेंकडा ३३ गांठले, हें विसरूं नये. रोमन लोकांचीं अंजिरें आणि हेलसिंकीचीं गोड पेयें यांची साक्ष एकच आहे.

आतां आपल्या घरचा हिशेब करूं. चौघांच्या घरीं १५ किलोंचा तेलाचा डबा सहा महिने पुरला, तर माणशीं रोज सुमारें २१ ग्रॅम तेल झालें. तोच डबा तीन महिन्यांत संपला, तर ४२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० सालच्या शिफारशींत बैठें काम करणाऱ्या स्त्रीस २० आणि पुरुषास २५ ग्रॅम वरून घेतलेलें तेल-तूप पुरेसें धरलें आहे. तेव्हां कोणतें तेल, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं डबा आणल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवावी. तो कधीं संपतो यावरून घरची खरी परिस्थिति कळते. असाच हिशेब साखरेचाहि करावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेली साखर एकंदर उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून, म्हणजे रोज सुमारें २५ ग्रॅमांहून, कमी राहिल्यास अधिक चांगलें. चौघांच्या घरीं हें महिन्याला तीन किलो झालें, आणि त्यांत बाहेरून आणलेली मिठाई, बिस्किटें व गोड पेयें हींहि आलीं. आपला प्रांत उसाचा. गुळाला साखरेपेक्षां सात्त्विक मानण्याची आपली रीत. परंतु यकृताच्या वजनकांट्यावर गूळ आणि साखर यांचें माप जवळजवळ सारखेंच उतरतें.

तेलाच्या निवडीविषयीं एवढेंच म्हणेन कीं, शेंगदाणा, करडई यांसारखीं आपल्या भागांतील तेलें मोजकीं वापरण्यास हरकत दिसत नाहीं. मात्र तळणीचें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये. असंपृक्त तेलें उष्णतेनें व हवेनें लवकर बिघडतात. वनस्पति तुपांतील ‘ट्रान्स’ जातीचीं आम्लें विशेष अपायकारक. त्यांचें प्रमाण तेला-तुपांत शेंकडा दोनहून अधिक असूं नये, असा नियम आपल्या देशांत २०२२ सालापासून लागू झाला आहे.

या रोगाची दखल सरकारनेंहि घेतली आहे. मद्याशीं संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृताच्या विकाराचा समावेश २०२१ सालीं राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमांत करण्यांत आला. माणसाच्या यकृतांत चरबी शेंकडा पांचांहून अधिक झाली कीं, त्यास मेदयुक्त म्हणतात; आरंभीं कांहींच दुखत नाहीं, आणि तेंच धोक्याचें आहे. दुर्लक्ष झाल्यास कांहींजणांत यकृतास सूज येते, तें निबर होतें, आणि पुढचा मार्ग फार वाईट आहे. परंतु यांतच आशेची जागाहि आहे. बदकाला कोंबणें थांबविलें, तर त्याचें यकृत कांहीं आठवड्यांत पूर्वस्थितीवर येतें. माणसांतहि वजन शेंकडा सात ते दहा इतकें उतरलें कीं, यकृत बऱ्याच अंशीं सुधारतें, असा वैद्यकाचा अनुभव आहे. ७० किलो वजनाच्या माणसास हे पांच ते सात किलो झाले. मी वैद्य नव्हे. ज्यांच्या कागदावर ते दोन शब्द आले असतील त्यांनीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि तेलाची बाटली बदलली म्हणजे औषध झालें असें समजूं नये.

शेवटीं त्या बिचाऱ्या बदकाविषयींहि दोन शब्द बोललेंच पाहिजे. प्रवासी पाणपक्षी लांबच्या उड्डाणापूर्वीं आपणहून अधिक खातात आणि चरबी सांठवितात, म्हणून हें कोंबणें निसर्गाला धरूनच आहे, असें त्या धंद्यांतले लोक म्हणतात. परंतु खेचर बदकाचा बाप जो मस्कोव्ही, तो उष्ण प्रदेशांत बारमाही राहणारा पक्षी. आणि नळीनें खाणारा प्रवासी पक्षी मायणीच्या तलावावर तरी आजवर उतरलेला नाहीं. युरोपीय आयोगाच्या शास्त्रज्ञ समितीनें १९९८ सालीं ही रीत पक्ष्यांस अपायकारक असल्याचा निर्वाळा दिला. फ्रान्सनें २००६ सालीं कायद्यानें या पदार्थास आपल्या संस्कृतीचा वारसा ठरविलें. उलट भारतानें २०१४ सालीं त्याची आयातच बंद केली. बदकाच्या बाबतींत आपण न्यायानें वागलों, हें ठीकच झालें.

मात्र आपल्या पंगतींतून एक नळी अजून फिरते आहे. तिचें नांव आग्रह. पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून “नको, नको” म्हणत असतो, आणि यजमान बोटांच्या फटींतून जिलबी सोडतो. ती पानांत पडली कीं पंगत हंसते. तो प्रेमाचा प्रकार आहे, हें मला मान्य आहे. परंतु बदकाला नको म्हणतां येत नाहीं, आणि माणसाला तें म्हणतां येतें, एवढाच या दोघांच्या यकृतांतील फरक असेल, तर पाहुण्याचें पहिलें ‘नको’ ऐकून वाढप्यानें पुढच्या पानाकडे वळणें, हाच यापुढें खरा पाहुणचार समजला जावा.